बुरुजाची मागची खिडकी

२ नोव्हेंबर, सोमवार

बंदर कचेरीचं पत्र आलं. बावट्याचा बुरूज मोजून त्याची शीटं काढायची, सोबत पानभर इतिहास लिहायचा, मुदत बावीस तारखेपर्यंत. मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी त्यांना माझीच आठवण व्हावी यात कौतुक काही नाही. टेपने मोजून हाताने रेघ ओढणारं त्यांच्याकडे आता कुणी उरलेलं नाही, एवढंच. माझ्याआधी यंत्रवाले येऊन गेले होते म्हणे. आतल्या अंधारात आणि झुडपांत त्यांचं यंत्र गोंधळलं आणि त्यांनी जो बुरूज कागदावर काढून दिला त्याला जिनाच नव्हता! कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, पहारेकरी काय उडत जायचा का?

काम सुरू असेपर्यंत रोजनिशी ठेवायची ही माझी नोकरीतली सवय. मापं वहीत, बाकीची कटकट इथे.

जेवताना घरात सांगितलं. हे म्हणाले, "छान, म्हणजे वीस दिवस घरात शांतता." शाळेत गणित शिकवून शिकवून असले हिशेबी विनोद करायची खोड लागली आहे. मामंजी मात्र घास हातात धरून बसले. त्या बुरुजावरचे शेवटचे पहारेकरी तेच. बावीस वर्षं तिथे काढली, पण आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली तरी मी त्यांच्या तोंडून बुरुजाबद्दल चार वाक्यं ऐकलेली नाहीत. आज एक ऐकलं.

"जिन्यात डावीकडून चढ," म्हणाले. "उजवीकडच्या पायऱ्या झिजल्यात."

३ नोव्हेंबर, मंगळवार

मिस्त्री बरोबर आले. साठीचे आहेत, पण शिडीवर माझ्याआधी चढतात आणि वर पोचलं की बिडी शोधतात. आधी झुडपं तोडली, मग टेप लावला.

बुरूज गोल आहे, बावन्न फूट उंच. तळाशी भिंत पाच फूट जाड, वर जाता जाता अडीच फूट होते. जिना भिंतीच्या पोटातूनच फिरत वर जातो, पायऱ्या एकसष्ट. मधल्या मजल्यांची लाकडी तक्तपोशी केव्हाच कुजून गेली. फक्त सगळ्यात वरच्या पहाऱ्याच्या खोलीची जमीन दगडी, म्हणून ती शिल्लक. छतात एक चौकोनी भोक आहे, त्यातून डोलकाठीचा दोर खाली यायचा. भोकाच्या कडेला दोराने घासून बोटभर खोल चर पडलाय. मिस्त्री त्यात बोट घालून म्हणाले, "बाई, किती वेळा ओढला असेल बघा." मी चराची खोली मोजून घेतली.

डावीकडून चढले. उजवीकडच्या पायऱ्या खरंच झिजल्यात.

५ नोव्हेंबर, गुरुवार

आज पहाऱ्याची खोली. जमिनीत चार भोकं सापडली, आत लोखंडाचा गंज. खुर्ची बोल्टांनी ठोकलेली होती, तोंड उत्तरेकडे, समोर मोठी खिडकी. पहारेकऱ्याने मान वळवायची नाही असाच बंदोबस्त! उजव्या हाताला दोर, डाव्या भिंतीत बावट्यांचे चोवीस खण.

खिडकी एकच. पण माझा टेप काही वेगळंच सांगत होता. सगळ्या बुरुजात चिऱ्यांचा थर नऊ इंचांचा, एकदम काटेकोर. दक्षिणेच्या, म्हणजे गावाकडच्या भिंतीत खुर्चीच्या बरोबर मागे थर एकाएकी साडेआठचे होतात. तीनदा मोजलं, आधी वाटलं माझ्याच डोळ्यांचा दोष. मिस्त्रींनी गिलावा खरवडला तर आत खालपासून वरपर्यंत सरळ उभा सांधा. आणि तीन फुटांवर तसाच दुसरा.

"कुठलाही गवंडी सांध्यावर सांधा ठेवत नाही," मिस्त्री म्हणाले. "ही भिंत नाही. खिडकी बुजवलीये."

यंत्रवाल्यांना जिना दिसला नाही, त्यांना ही काय दिसणार! मला इतका आनंद झाला की मिस्त्रींना घरून आणलेली दोन्ही बिस्किटं देऊन टाकली.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळच्या चहाला मामंजींना विचारलं, "मागची खिडकी कधी बुजवली हो?"

"मागे खिडकी नव्हती," म्हणाले आणि पेपर घेऊन उठले.

म्हणजे मामंजी शिवणकाकूंकडे गेले. शिवणकाकू आमच्या शेजारी, अंगण एकच. वय ऐंशी. एकट्याच असतात. यजमान टपालाच्या होडीवर होते, लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच गेले. पुढे बंदराचे बावटे शिवून काकूंनी आयुष्य काढलं, म्हणून शिवणकाकू. त्यांना लांबचं लख्ख दिसतं, अक्षरं दिसत नाहीत. म्हणून मामंजी रोज आठ वाजता जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवतात, मागच्या दाराची कडी बसवून देतात, शिवणयंत्राला तेल घालतात. घरात एक बल्ब बदलायला सांगितला तर चार दिवस लागतात!

सासूबाई होत्या तेव्हा त्यांना हे कसं वाटत असेल, असा विचार आज पहिल्यांदाच आला.

९ नोव्हेंबर, सोमवार

इतिहासाच्या पानासाठी दिवसभर बंदर कचेरीच्या दप्तरखान्यात. धुळीने नाक चोंदलं. पण बुरुजाची रजिस्टरं मिळाली आणि कारभार कसा चालायचा ते समजलं.

किनाऱ्यावर असे बुरूज ओळीने होते. उत्तरेच्या बुरुजाने काही खूण चढवली की आपल्या पहारेकऱ्याने आधी दोर ओढून बावटा अर्धा उतरवायचा आणि परत वर घ्यायचा, म्हणजे "पाहिलं" असं उत्तर. मग तीच खूण आपल्या डोलकाठीवर चढवायची, की होड्यांना दिसेल. रोज सकाळी नऊला "सगळं ठीक" चा हिरवा बावटा. वादळ येणार असेल तर काळा गोळा. गोळा दिसला की एकही होडी सुटायची नाही.

मामंजींचं अक्षर छापल्यासारखं. अठ्ठावन्न वर्षांपूर्वीचं एक पान उतरवून घेतलं, कारण तारीख १९ नोव्हेंबर, म्हणजे ह्यांचा जन्मदिवस!

"आठ: हवा स्वच्छ. नऊ: धुकं. उत्तरेचा बुरूज दिसला नाही. रोजचा बावटा चढवला. दहा: सोसाट्याचा वारा. काळा गोळा चढवला. टपालाची होडी बाहेर, परत नाही."

त्या होडीत तिघं गेले. काकूंचे यजमान त्यातलेच. इतकी वर्षं शेजारी राहून मला तारीख माहीत नव्हती. हे जन्मले तेच मुळी वादळ घेऊन, पुढे स्वभाव कसा निघाला ते मी बघतेच आहे. धुकं मात्र विचित्र, तासाभरासाठी आलं आणि वाऱ्याला जागा करून गेलं. इतिहासात कशाला हवं म्हणून गाळलं.

आठ दिवसांनंतरची नोंद जास्त कामाची: "मागच्या खिडकीवरची आडवी शिळा वादळात तडकली. खिडकी चिऱ्यांनी बंद करण्यास मंजुरी मिळावी." खाली मामंजींची सही.

म्हणजे खिडकी होती, आणि ती बुजवली मामंजींनीच. मग शुक्रवारी सकाळी मला थाप कशाला?

११ नोव्हेंबर, बुधवार

मिस्त्रींनी तडकलेली आडवी शिळा मोकळी केली आणि तिच्यावरून बोटं फिरवली. मग मला जवळ बोलावलं. तडा जिथून निघालाय तिथे दगडाला तीन वाटोळे खड्डे आहेत.

"वादळबिदळ काही नाही, बाई. हे घणाचे घाव आहेत. तीन मारलेत, तिसऱ्याला फुटली."

"मुद्दाम फोडली?"

"घण चुकून तीनदा एकाच जागी पडत नाही. शिळा फुटली म्हणून खिडकी बुजवली नाही. बुजवायला मिळावी म्हणून शिळा फोडली." मग बुजवलेल्या चिऱ्यांवर थाप मारून म्हणाले, "पण काम नंबर एक केलंय. फुटक्या शिळेवरचा सगळा बोजा आता ह्या चिऱ्यांनी धरलाय. ह्यातला एक काढा, वरचं छत आपल्या डोक्यावर."

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळं जुळलं. त्या खिडकीतून काय दिसत असेल ते मी बाहेरच्या शिडीवरून पाहिलं: आमचं अंगण. म्हणजेच काकूंचं अंगण. काकू तेव्हा बाविशीतल्या, नुकत्याच एकट्या पडलेल्या, आणि फोटोत पाहिलंय, दिसायला सुरेख. मामंजी खुर्चीतून मान वळवून बघत बसणार आणि सासूबाईंना ते कळणार नाही? सासूबाई कसल्या खमक्या! त्यांनीच सांगितलं असणार, ती खिडकी बंद झाल्याशिवाय घरात पाऊल टाकू नका. आणि मामंजींनी बायकोच्या धाकाने घण उचलला.

ह्यांना सांगावं का? नको. बापाचं प्रेमप्रकरण ऐकून घ्यायचं ह्यांचं वय नाही.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

कंबर धरली. दिवसभर आडवी. मामंजी स्वतः चहा करून घेऊन आले आणि उशाशी ठेवून गेले. तीस वर्षांत पहिल्यांदा. साखर विसरले होते, पण मी सगळा प्यायले.

१४ नोव्हेंबर, शनिवार

साहेब बुरुजावर आले. तरणे आहेत, पायांत नवेकोरे बूट, पण माणूस वाईट नाही. त्यांचा बेत आज समजला. वरच्या खोलीबाहेर लोखंडी सज्जा करायचा, लोक वर येतील, समुद्र बघतील. समुद्राकडची भिंत खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली, म्हणून सज्जा गावाकडच्या भिंतीला लावायचा. त्या भिंतीत बोटभर जाडीची सोळा भोकं पाडायची. बरोबर बुजवलेल्या खिडकीत!

"ही भिंत भरीव आहे ना?" त्यांनी विचारलं. "तसं शीटवर आलं की मंजुरी आलीच म्हणून समजा. नाहीतर वरिष्ठांचं म्हणणं आहे, वरचा मजला उतरवून टाका."

मी म्हटलं, शीट बघून बोलू. मिस्त्री शिडीखाली उभे राहून माझ्याकडे बघत होते.

खिडकी दाखवली तर बहुतेक वरचा मजला जाणार. नाही दाखवली तर भोकं पडणार आणि वरचा मजला जाणारच, फक्त माणसांसकट. यात विचार करण्यासारखं काही नाही. मी चौतीस वर्षांत खोटी रेघ ओढलेली नाही, उद्या खिडकी काढायला घेते.

१५ नोव्हेंबर, रविवार

टेबलावर शीट पसरलं होतं. हे क्लासला गेले होते. मामंजी दारात येऊन उभे राहिले. "बसा" म्हटलं तर बसले नाहीत.

"खिडकी काढणार?"

"आहे म्हटल्यावर काढायलाच हवी ना."

"नव्हती असं काढ."

मी हसले. मला वाटलं, अजून लाजताहेत. मग त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. दाराची चौकट इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली होती. शहाऐंशी वर्षांचा माणूस.

"मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही," म्हणाले. "हे एक मागतो. खिडकी दिसली की लोक विचारणार, का बुजवली. ते मला... तिच्या कानावर जायला नको."

"कुणाच्या? काकूंच्या?"

ते निघून गेले. मी पेन्सिल खाली ठेवली. ती दुपारभर उचलली नाही.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

लिहायला लाज वाटते, पण ही वही खोटं लिहायला नाही. दोन शीटं काढली. एकात खिडकी तुटक रेघेने, आत असलेली पण न दिसणारी वस्तू दाखवायची तीच रीत. दुसऱ्यात भिंत सरळ, कोरी, सलग. दुसरं जास्त चांगलं उठलंय. खोट्या शीटला खाडाखोड लागत नाही.

मनाची समजूत घालत होते: खोटं शीट द्यायचं आणि साहेबांना तोंडी सांगायचं, सज्जा इकडे नको, दुसरीकडे लावा. मिस्त्रींना विचारलं. त्यांनी बिडी विझवली.

"तोंडी सांगितलेलं साहेबांच्या बदलीबरोबर जातं, बाई. शीट राहतं. आणि भोक पाडायला शिडीवर माझा भाऊ असणार किंवा जावई."

मूग गिळून घरी आले. मामंजींचा राग येतोय आणि दयाही येतेय, दोन्ही एकदमच. म्हातारपणी एका जुन्या ओढीसाठी माझ्याकडून खोटं काढून घ्यायचं? आणि काकू तरी कसल्या, इतकी वर्षं पेपर वाचून घेताहेत! त्यांच्याशीच सरळ बोलते. परवा ह्यांचा वाढदिवस आहे. मामंजी त्या दिवशी घरी कधीच जेवत नाहीत, दिवसभर काकूंच्या ओट्यावर बसतात. हे लहानपणापासून यावर कुढतात: "माझ्या वाढदिवसाला बाबा कधी घरात नसतात." दोघं एका जागी सापडतील.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

सगळं जसं झालं तसं लिहिते.

हे शाळेत गेल्यावर साडेनऊला मी काकूंकडे गेले. मामंजी ओट्यावर बसून त्यांच्या खिडकीची बिजागरी बसवत होते. मला बघून उठायला लागले. मी म्हटलं, "बसा मामंजी, तुमच्यासमोरच बोलायचंय." काकू आत यंत्रावर होत्या, पाय थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या.

मी बोलून टाकलं. "काकू, तुमचं आणि मामंजींचं जे काय होतं, ते तुमचं तुम्हाला लखलाभ. सासूबाई गेल्या, माझी काही तक्रार नाही. पण त्यापायी मी खोटं शीट देणार नाही. खिडकी बुजवलेली आहे, ती मी दाखवणार."

काकू आधी नुसत्या बघत राहिल्या. मग हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अगं बये! आमचं? माझं आणि भावोजींचं?" आणि दाराकडे बघून, "ऐकलंत का हो भावोजी?"

मामंजी हसले नाहीत. त्यांच्या हातातला पेचकस ओट्यावरून खाली पडला आणि तो उचलायला ते वाकले नाहीत. काकूंचं हसूही थांबलं. माझी मान शरमेने खाली गेली. मला वाटलं, मी ह्या म्हाताऱ्या माणसांची अब्रू काढली.

"वहिनी," मामंजी म्हणाले. आवाज ओळखू येईना. "त्या दिवशी धुकं नव्हतं."

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या.

मामंजींनी वर पाहिलं.

"मला खिडकीत तुमचा बावटा दिसला ना. धुकं असतं तर कसा दिसला असता?"

मला काहीच समजेना. मग काकूंनी मला हाताला धरून समोर बसवलं आणि सांगितलं. त्या दिवशी पहाटेपासून सासूबाई अडलेल्या. मामंजींना पहारा सोडता येत नव्हता. म्हणून आदल्या दिवशीच खुणा ठरवल्या होत्या, पहारेकऱ्याच्या घरातलं बाळंतपण ते. अंगणातल्या दोरीवर लाल टॉवेल म्हणजे डॉक्टरला बोलवा. पांढरी चादर म्हणजे सुटली, दोघंही सुखरूप. चादर दिसली की मामंजींनी मागच्या खिडकीतून बावटा दोनदा हलवायचा.

"चादर मी लावली," काकू म्हणाल्या. "नऊला पाच-सात मिनिटं कमी असतील. भावोजींनी दोनदा बावटा हलवला. तिथेच मी आत जायला हवं होतं. पण मला राहवलं नाही गं. मी बाळ घेऊन अंगणात आले, वर उचलून दाखवलं. म्हटलं, बघा तरी. आणि हे बघत राहिले. मी दाखवत राहिले, हे बघत राहिले."

मामंजी म्हणाले, "नऊचे टोले पडले. नऊला तिकडून रोज तेच यायचं, सगळं ठीक. मी उत्तरेकडे न बघताच दोर ओढला. पाहिलं म्हणून उत्तर दिलं आणि हिरवा बावटा चढवला. तिकडे काळा गोळा होता. खालून होडीने माझा हिरवा बघितला आणि सुटली." मग म्हणाले, "उत्तरेच्या पहारेकऱ्याला माझं उत्तर दिसलं होतं. चौकशीत त्याने तोंड उघडलं नाही. मी धुकं लिहिलं."

मला एकच सुचत होतं, ते बाळ म्हणजे आमचे हे.

"मग खिडकी बुजवलीत," काकू म्हणाल्या, "तेव्हाच मला कळलं. मला वाटलं, माझं तोंड दिसायला नको म्हणून बुजवली. मीच तुम्हाला अडकवून ठेवलं ना. हे रोज पेपर वाचायला यायचे आणि मी घाबरून बसायची, की आज म्हणतील, वहिनी, तुम्ही आत का नाही गेलात."

"मी?" मामंजी म्हणाले. "मी तुम्हाला म्हणू? मी रोज यायचो ते सांगायलाच. पेपर संपायचा आणि धीर संपायचा."

शहाऐंशीचा एक आणि ऐंशीची एक, दोघंही रडत होते, आणि मधे मी, माझ्या फुटक्या अकलेसकट. मी दोघांना पाणी आणून दिलं. मग मलाही रडू आलं.

निघताना काकू म्हणाल्या, "खिडकी काढ तू. नीट काढ. शेवटचं आनंदाचं मी तिथेच बघितलंय."

दुपारी मामंजी घरी जेवायला आले. संध्याकाळी हे शाळेतून आले आणि त्यांनी टेबलावर केक आणि केकसमोर बसलेले मामंजी असं दोन्ही एकदम पाहिलं, तेव्हा पिशवी हातात धरून दारातच उभे राहिले. मामंजींनी त्यांना शेजारी बसवून स्वतःच सगळं सांगितलं. शेवटी हे इतकंच म्हणाले, "मला वाटायचं, तुम्हाला मी नको होतो."

"तुला बघण्यातच चुकलो रे," मामंजी म्हणाले.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

कोरं शीट फाडलं. खिडकी तुटक रेघेने पक्की केली, बाजूला टीप: "मागची खिडकी, चिऱ्यांनी बंद. वरची शिळा घणाने फोडलेली. बोजा भरावावर आहे. यातला एकही चिरा काढू नये, भोक पाडू नये."

मग इतिहासाचं पान घेतलं. मामंजी समोर खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, लिही. मी आधी विचारलं, नक्की ना? बंदर कचेरीत हे कुणीही वाचेल. ते म्हणाले, वाचायलाच हवं. त्यांनी सांगितलं ते असं:

"१९ नोव्हेंबरच्या नोंदीत दुरुस्ती. नऊ: हवा स्वच्छ. उत्तरेच्या बुरुजावर काळा गोळा. पहारेकऱ्याने पाहिला नाही. न पाहता उत्तर दिलं. टपालाच्या होडीचा दोष नाही. उत्तरेच्या बुरुजाचा दोष नाही."

खाली सही केली. अक्षर कापरं आहे, पण वळण तेच.

२२ नोव्हेंबर, रविवार

शीटं कालच दिली. साहेबांनी टीप दोनदा वाचली, मग इतिहासाचं पान वाचलं आणि डोकं खाजवलं. सज्जा रद्द. वरचा मजला उतरवायचं काय, मी विचारलं. मिस्त्री मागून म्हणाले, "त्या भरावाला हात लावला नाही तर तो तुमच्या-माझ्यानंतरही उभा राहील. हे लिहून घ्या आणि माझा अंगठा घ्या." साहेबांनी लिहून घेतलं. निर्णय वरून येईल, पण सध्या उतरवणं थांबवलंय. लोक खालूनच बुरूज बघतील.

आज सकाळी आठला मामंजी पेपर घेऊन गेले नाहीत. काकूंनीच निरोप पाठवला होता, आज येऊ नका, घरीच थांबा. मला काळजी वाटली. म्हटलं, आता राग आला की काय! त्या दिवशी रडणं वेगळं आणि रात्रभर विचार केल्यावर वेगळं. मामंजीही दाराशी स्टूल घेऊन बसून होते, चहा गार झाला.

नऊला थोडा वेळ असताना काकू अंगणात आल्या आणि दोरीवर पांढरी चादर टाकली. एकच, बाकी धुणं काही नाही. चारी टोकं ओढून सारखी केली आणि ओट्यावर जाऊन आमच्या दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मामंजी उठले. मी हात द्यायला गेले तर नको म्हणाले. पायरीवर उभे राहून त्यांनी चादरीकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. काकूंकडे पाहिलं. घड्याळात नऊचे टोले पडले तरी हलले नाहीत, बघतच राहिले. हे आतून विचारत होते, "काय चाललंय? बाबा काय बघताहेत?" मी त्यांना हातानेच गप्प केलं.

मग मामंजींनी खिशातून रुमाल काढला, उलगडला, आणि हात उंच करून दोनदा हलवला.

काकू आत गेल्या. मामंजींनी मला पेपर मागितला आणि चपला घातल्या.